पानाआडचं पाहणारी बेरीज

खराट्याचा एक हीर घ्या. एक डोळा मिटा आणि उघड्या डोळ्यासमोर, लागणार नाही इतक्या अंतरावर, तो उभा धरून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहा. हीर अगदी मधोमध असूनही तारखा वाचता येतात. तो नाहीसा होत नाही, एक फिकट धुरकट पट्टा होऊन राहतो आणि त्याच्या आरपार आकडे दिसत राहतात. आता हिराच्या जागी अंगठा धरा. आकडे गेले.

याचं कारण डोळ्याच्या बाहुलीच्या मापात आहे. घरातल्या उजेडात बाहुली साधारण ३-४ मिलिमीटर उघडी असते आणि हीर असतो एक-दीड मिलिमीटरचा. कॅलेंडरवरच्या एका ठिपक्यापासून निघालेले किरण बाहुलीच्या सगळ्या भागांवर येऊन पडतात. त्यातले मधले हिरावर अडतात, पण डावीकडचे आणि उजवीकडचे आत शिरतात आणि डोळ्यातलं भिंग त्यांना दृष्टिपटलावर पुन्हा एकाच जागी आणून सोडतं. अंगठा बाहुलीपेक्षा रुंद असल्यामुळे सगळीच वाट बंद करतो. म्हणजे भिंगाजवळचा अडथळा भिंगाच्या तोंडापेक्षा अरुंद असेल, तर तो आपल्या मागचं पूर्णपणे झाकू शकत नाही.

मग दाट कुंपणामागे उभा असलेला माणूस पाहायचा असेल तर काय लागेल? पानं ३-४ सेंटिमीटर रुंद, फांद्या त्याहून आडव्यातिडव्या. त्यांच्यावर मात करायला दीड-दोन मीटर व्यासाचं भिंग हवं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या यर्क्स वेधशाळेत १८९७ साली बसवलेल्या दुर्बिणीचं मुख्य भिंग ४० इंचांचं आहे, मीटरभरापेक्षा किंचित जास्त. आजही भिंगाच्या दुर्बिणींमध्ये ती जगातली सर्वांत मोठी मानली जाते. त्याहून मोठी भिंगं स्वतःच्याच वजनानं वाकतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ आरशांकडे वळले. कुंपणापुढे नेऊन ठेवावं असं दोन मीटरचं भिंग कुणी करणार नाही.

पण भिंग नेमकं करतं काय, हे एकदा नीट पाहिलं की त्याच्यावाचून चालवता येतं. भिंग बेरीज करतं. ठराविक अंतरावरच्या एका बिंदूपासून निघून भिंगाच्या वेगवेगळ्या भागांवर पडलेले किरण ते एका जागी आणतं आणि त्यांचा उजेड तिथे एकत्र होतो. अलीकडच्या किंवा पलीकडच्या बिंदूंचे किरण मात्र एका जागी न येता पसरतात. ज्याला आपण फोकस म्हणतो ते एवढंच. मग मोठ्या भिंगाच्या जागी छोटे छोटे कॅमेरे ओळीनं मांडले, प्रत्येकानं आपल्या वाट्याचे किरण वेगळे टिपून ठेवले आणि बेरीज नंतर संगणकावर केली तर? कॅमेऱ्यांच्या रांगेतून अडथळ्यापलीकडचं पाहण्याचं शास्त्र याच प्रश्नाभोवती उभं आहे. यात एक मोठा लाभ आहे. काचेनं केलेली बेरीज एकदाच होते. आकड्यांची बेरीज हवी तितक्या वेळा, दर वेळी वेगळं अंतर धरून, पुन्हा करता येते.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. नऊ कॅमेरे एका ओळीत, शेजारच्या दोघांत २० सेंटिमीटर अंतर, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत १.६ मीटर. प्रत्येक भिंगाचं नाभीय अंतर १,००० पिक्सेलांएवढं आहे असं धरू. कुंपण ५ मीटरवर, माणूस २० मीटरवर. एका कॅमेऱ्याकडून शेजारच्याकडे गेलो की वस्तू चित्रात किती सरकते हे काढण्याचं सूत्र शाळकरी आहे: नाभीय अंतर गुणिले कॅमेऱ्यांमधलं अंतर, भागिले वस्तूचं अंतर. कुंपणाचं पान ४० पिक्सेल सरकतं आणि माणूस १० पिक्सेल. जवळचं जास्त सरकतं, दूरचं कमी, हा एस.टी.च्या खिडकीतून रोज दिसणारा प्रकार म्हणजेच पॅरलॅक्स.

आता दुसरं चित्र १० पिक्सेल मागे सरकवा, तिसरं २०, चौथं ३०, असं करत नववं ८०. माणूस सगळ्या चित्रांत एकावर एक बसला. पानं मात्र बसली नाहीत, प्रत्येक चित्रात ती अजून ३० पिक्सेलांनी फटकून आहेत. तीन सेंटिमीटरचं पान या कॅमेऱ्यात ६ पिक्सेल रुंद दिसतं, म्हणजे त्याच्या नऊ प्रती नऊ वेगळ्या जागी पडल्या. नऊ चित्रांची सरासरी काढली की प्रत्येक प्रत एक नवमांश इतकी फिकी होते. माणूस तेवढा जागेवर राहतो. हीच चित्रं ४०-४० पिक्सेलांनी सरकवून बेरीज केली असती, तर पान स्वच्छ दिसलं असतं आणि माणूस विरघळला असता. फोटो काढून झाल्यावर फोकस बदलला तो असा.

हे इतकं चांगलं का जमतं, याचा हिशेब संभाव्यतेचा आहे. समजा कुंपण इतकं दाट आहे की कुठल्याही एका जागेवरून मागच्या दृश्याचा ६० टक्के भाग झाकला जातो. एका कॅमेऱ्याला त्या माणसाचा एखादा बिंदू न दिसण्याची शक्यता ०.६. पण नऊही कॅमेऱ्यांना तो न दिसण्याची शक्यता ०.६ चा नववा घात, जवळजवळ ०.०१. म्हणजे शंभरातला एखादाच बिंदू पूर्ण हरवतो. ८० टक्के झाकणारं रान असेल तर नऊ कॅमेरे अपुरे पडतात, दर शंभरात १३ बिंदू कुणालाच दिसत नाहीत. तिथे तीस कॅमेरे लावले की हजारात एखादाच उरतो. अर्थात, पानं एकमेकांशी संगनमत न करता इतस्ततः पसरलेली असली तरच हा हिशेब चालतो, आणि झाडांची पानं बहुधा तशीच असतात. मात्र बिंदू दिसला तरी तो फिका दिसतो. ८० टक्के रानात सरासरीतला फक्त एक पंचमांश उजेड माणसाचा आणि बाकी सगळा पानांचा असतो. त्यामुळे पुढचं निम्मं कष्टाचं काम या फिक्या दृश्यातला उठाव परत मिळवण्याचं असतं.

आता खोलीकडे वळू. बेरजेचं अंतर अर्धा-अर्धा मीटर वाढवत नेलं, तर दर खेपेला दृश्याचा एक वेगळा काप स्वच्छ होतो. एखाद्या पिक्सेलवर नऊही कॅमेरे कोणत्या अंतराला एकच रंग सांगतात हे तपासलं की त्या बिंदूचं अंतर कळलं. असे लाखो बिंदू मिळाले की दृश्याची त्रिमितीय प्रतिकृती उभी राहते. पोपडे आलेल्या भिंतीला, झाडाच्या खोडाला, कपड्याच्या विणीला हे झकास लागू पडतं. नुकत्याच रंगवलेल्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे मात्र पद्धत अडते, कारण भिंतीचा प्रत्येक बिंदू शेजारच्यासारखाच असल्यामुळे सगळे कॅमेरे सगळ्याच अंतरांना एकमत दाखवतात.

अंतर वाढलं की अचूकपणाही झपाट्यानं घसरतो. आपल्या रांगेत २० आणि २१ मीटरमधला फरक टोकाच्या दोन कॅमेऱ्यांत जवळजवळ ४ पिक्सेलांचा आहे, सहज मोजता येण्याजोगा. तोच एक मीटर १०० आणि १०१ मध्ये शोधायला गेलो तर पिक्सेलाचा सहावा हिस्सा हाती येतो. वस्तू पाचपट लांब गेली आणि खोलीची जाण पंचवीसपट भोथट झाली. आपले दोन डोळे एकमेकांपासून जेमतेम साडेसहा सेंटिमीटरवर असतात. लांबचा डोंगर आपल्याला चित्रासारखा सपाट दिसतो, तो यामुळेच.

क्रिकेट पाहणाऱ्यांनी याचं एक सोपं रूप शेकडो वेळा पाहिलेलं आहे. चेंडूचा माग काढणाऱ्या हॉक-आयचे कॅमेरे स्टेडियमभोवती उंचावर बसवलेले असतात. प्रत्येकाच्या चित्रातल्या चेंडूच्या जागेवरून अवकाशातली एक रेषा ठरते आणि अशा रेषा जिथे मिळतात तिथे चेंडू. २००१ साली लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. भारतीय क्रिकेट मंडळानं बरीच वर्षं नकार दिल्यावर २०१६ च्या इंग्लंडविरुद्धच्या घरच्या मालिकेत त्याचा आधार घेणारी रिव्ह्यू पद्धत स्वीकारली. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू सेकंदाला ३९ मीटर जातो. सेकंदाला ५० चित्रं घेणारा कॅमेरा असला तर दोन चित्रांमध्ये चेंडू पाऊण मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. म्हणून तिथे कॅमेऱ्यांच्या संख्येइतकंच त्यांच्या वेगाला महत्त्व आहे. पण हॉक-आयला काय शोधायचं ते आधीच माहीत असतं. कुंपणामागे काय आहे हेच ठाऊक नसतं, तेव्हा एका वस्तूचा माग काढून भागत नाही, सगळं अवकाश कापाकापानं चाळावं लागतं.

ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. २ मार्च १९०८ रोजी गॅब्रिएल लिपमान यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे एक प्रस्ताव मांडला. फोटोच्या फिल्मवर अगदी बारीक भिंगांची जाळी बसवायची, माशीच्या डोळ्यात असते तशी. प्रत्येक भिंग आपल्या जागेवरून दिसणारं इवलंसं चित्र खाली टिपेल. फिल्म धुऊन त्याच जाळीतून पाहिली की किरण आलेल्या वाटेनं परत जातील आणि पाहणाऱ्याला खिडकीतून पाहिल्यासारखं खरं खोलीचं दृश्य दिसेल, डोकं हलवलं तर बदलणारं. त्याच वर्षी लिपमान यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते रंगीत छायाचित्रणाच्या त्यांच्या दुसऱ्या पद्धतीबद्दल. भिंगांची अशी बारीक आणि नेमकी जाळी करून देणारं तंत्र त्या काळात नव्हतं. शिवाय एक गोम होती: किरण उलट दिशेनं परत पाठवले की खोलीही उलटते, नाक आत गेलेलं आणि कान पुढे आलेले दिसतात. १९३१ मध्ये हर्बर्ट आइव्ह्ज यांनी फोटोचाच पुन्हा फोटो काढून ती सुलटवली. आज प्रत्येक इवलं चित्र संगणकात अर्धा फेरा फिरवलं की काम होतं. मला लिपमान यांचं मोल यात वाटतं की किरण कुठे पडला याबरोबरच तो कुठल्या दिशेनं आला हेही जपायला हवं, हे त्यांनी ओळखलं. साधा कॅमेरा दिशा फेकून देतो आणि एकदा फेकलेली दिशा कुठलंही गणित परत आणू शकत नाही.

ही दिशेची माहिती आकड्यांत साठवायची सोपी मांडणी १९९६ साली आली. मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहन यांनी स्टॅनफर्डमध्ये दाखवलं की मोकळ्या जागेतला कुठलाही किरण दोन समांतर प्रतलांवरच्या दोन बिंदूंनी, म्हणजे चार आकड्यांनी ठरतो. याला लाइट फील्ड म्हणतात. पुढे लेव्हॉय यांच्याच गटात बेनेट विल्बर्न आणि सहकाऱ्यांनी साधारण १०० स्वस्त व्हिडिओ कॅमेऱ्यांची भिंत उभी केली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक कॅमेरा ६४० गुणिले ४८० पिक्सेलांचा, सेकंदाला ३० चित्रं घेणारा. गुणाकार केला तर सेकंदाला ९२ कोटी पिक्सेल होतात. त्या काळच्या संगणकांना एवढं उतरवून घेणंही जड होतं, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यामागे माहिती दाबून छोटी करणारी स्वतंत्र सर्किट-पाटी बसवावी लागली. या भिंतीनं झुडपांमागची माणसं दाखवली. तिचा आणखी एक उपयोग मला फार देखणा वाटतो. ५२ कॅमेरे एकाच दृश्याकडे वळवून प्रत्येकाची वेळ शेजारच्यापेक्षा किंचित पुढे ठेवली, तर ५२ गुणिले ३०, म्हणजे सेकंदाला १,५६० चित्रं मिळतात. महागड्या वेगवान कॅमेऱ्याचं काम साध्या कॅमेऱ्यांनी वाटून घेतलं.

अशा भिंतीत बेरजेच्या आधीही बरंच कष्टाचं काम असतं. प्रत्येक कॅमेरा नेमका कुठे आहे, किती अंशांनी कलला आहे, त्याचं भिंग कडेला किती वाकडं दाखवतं, हे सगळं आधी मोजावं लागतं. वर आपण १० पिक्सेल सरकवले. एखादा कॅमेरा ब्रॅकेटमध्ये एक अंश फिरलेला असेल तर आपल्या मापानं त्याचं चित्र १७ पिक्सेलांनी चुकतं आणि माणूसच पुसला जातो. त्यासाठी माहीत असलेल्या मापाचा चौकटींचा तक्ता सगळ्या कॅमेऱ्यांसमोर धरून प्रत्येकाचा हिशेब लावतात. कुणी स्टँडला धक्का दिला की तो हिशेब पहिल्यापासून.

स्टॅनफर्डमध्येच रेन एंग यांनी भिंतीऐवजी लिपमान यांच्या जाळीकडे परत जाऊन, तिला कॅमेऱ्याच्या आत, सेन्सरच्या अगदी पुढे बसवलं. त्यांच्या २००५ च्या नमुन्यात ४,००० गुणिले ४,००० पिक्सेलांच्या सेन्सरवर २९६ गुणिले २९६ सूक्ष्म भिंगं होती. फोटो काढल्यावर फोकस बदलता येत होता, पण तयार चित्र उरायचं जेमतेम ९० हजार पिक्सेलांचं. दीड कोटीहून जास्त पिक्सेलांपैकी बहुतेक सगळे दिशा नोंदवण्यात खर्च झाले. पुढे याच कल्पनेवर लिट्रो कंपनीचा कॅमेरा २०१२ मध्ये बाजारात आला आणि २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. ग्राहकांना तपशील हवा होता, दिशा नको होती. नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी सहकाऱ्यांबरोबर २००७ मध्ये वेगळी वाट दाखवली: भिंगांच्या जाळीऐवजी सेन्सरजवळ एक नक्षीदार पारदर्शक पट्टी बसवायची आणि तिच्या सावलीतून गणितानं दिशा वेगळी काढायची.

रांगेच्या मर्यादेबद्दल एक गैरसमज होऊ शकतो. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण २५ किलोमीटरच्या एकाच तबकडीइतकं बारीक पाहू शकते. मग कॅमेऱ्यांची १.६ मीटरची रांगही १.६ मीटरच्या भिंगाइतका बारीक तपशील दाखवेल का? नाही. रेडिओ लहरीचा माथा कोणत्या क्षणी आला आणि खळगा कोणत्या क्षणी, हे खोडदची प्रत्येक तबकडी नोंदवते आणि बेरीज त्या लहरींचीच होते. प्रकाशाची लहर सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा वरखाली होते आणि कॅमेरा फक्त एकूण उजेड मोजतो. म्हणून कॅमेऱ्यांच्या रांगेला मोठ्या भिंगाची खोली आणि अडथळ्याला वळसा घालण्याची ताकद मिळते. त्याची सूक्ष्मता मिळत नाही.

या सगळ्या कामातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ऑस्ट्रियातलं. लिंझच्या योहानेस केप्लर विद्यापीठात ऑलिव्हर बिंबर यांच्या गटानं रांगेऐवजी एकच कॅमेरा ड्रोनवर चढवला. ड्रोन जंगलावरून उडत जातो, वाटेत चित्रं घेतो आणि त्याचा मार्ग हीच मोठ्या भिंगाची रुंदी होते. बेरीज जमिनीच्या अंतराला करायची की झाडांचे शेंडे विरतात आणि खालची जमीन वर येते. हरवलेल्या माणसाला शोधायला त्यांनी उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा वापरला. एकट्या थर्मल चित्रात झाडाखालचा माणूस म्हणजे पानांच्या फटींतून डोकावणारे चार-दोन उजळ ठिपके. ते उन्हानं तापलेल्या दगडाचे की माणसाचे हे सांगता येत नाही. अनेक चित्रं एकत्र केली की ते ठिपके जुळून आडवा पडलेला देह दिसतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत, चित्रं आधी एकत्र करून मग संगणकाला माणूस ओळखायला लावल्यावर त्यानं माणूस म्हणून दाखवलेल्यांपैकी ९६ टक्के खरोखर माणसं होती आणि असलेल्या माणसांपैकी ९३ टक्के सापडली. याच पद्धतीनं त्यांनी दाट झाडीतली पक्ष्यांची घरटीही न्याहाळली, कुणी झाडाखाली न जाता.

हल्ली अनेक ठिकाणी बेरजेची जागा शिकलेल्या गणितानं घेतली आहे. २०२० साली आलेल्या नर्फ या पद्धतीत अनेक फोटोंवरून एक न्यूरल नेटवर्क सगळं दृश्य शिकून घेतं आणि कुठल्याही नव्या जागेवरून ते दाखवतं. रेन एंग त्याच्याही लेखकांत आहेत. २०२३ मध्ये आलेल्या गॉसियन स्प्लॅटिंगनं तेच इतकं वेगानं केलं की दृश्यात विनाविलंब फिरता येतं. आपल्या फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्येही या घराण्याचंच रक्त आहे. पिक्सेल २ या फोनमध्ये तर एकाच भिंगाच्या दोन अर्ध्यांतून, मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावरून, चेहऱ्याची खोली काढली जायची, आणि तिथेही मार्क लेव्हॉय होते. त्या तुटपुंज्या खोलीला जोड म्हणून माणसाचा आकार ओळखणारं शिकलेलं गणित लावलेलं होतं. इथे मला एक रेघ ओढावीशी वाटते. निदान एका कॅमेऱ्यानं टिपलेला किरण हा पुरावा असतो. जो किरण कुणीच टिपला नाही तिथे नेटवर्क जे भरतं तो अंदाज असतो, कितीही खरा दिसला तरी. लग्नाच्या फोटोत तो चालेल. शोधमोहिमेत, शस्त्रक्रियेत किंवा न्यायालयात दाखवायच्या चित्रात मोजलेलं कोणतं आणि भरलेलं कोणतं हे वेगळं नोंदवलेलं असलंच पाहिजे.

लिंझच्या पद्धतीला मात्र एक अडचण सुरुवातीपासून होती. ड्रोन मीटर-मीटर पुढे सरकत चित्रं घेतो, त्याला वेळ लागतो. खाली माणूस जखमी होऊन पडलेला असेल तर तो एकाच जागी राहतो आणि बेरीज जुळते. तोच चालत असेल तर प्रत्येक चित्रात वेगळ्या जागी असतो आणि पानांबरोबर तोही विरून जातो. त्यावर त्या गटानं २०२२ मध्ये पुन्हा रांगच काढली: ड्रोनखाली आडवी टांगलेली कॅमेऱ्यांची १० मीटर रुंद काठी, वजनाला एक किलोपेक्षाही कमी. तिचे सगळे कॅमेरे एकाच क्षणी चित्र घेतात, त्यामुळे झाडीखालून चालत जाणारा माणूसही आता पावलागणिक दिसू शकतो.